अब्बांनी पाठवलेलं कोयनेल

जुन्नर,
ता. १४ नोव्हेंबर १९१७

तीर्थरूप अब्बांना इशरतचा सलाम.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही दोघं खुशाल आहोत. अम्मीला सांगा, तिची दुलई फार ऊबदार आहे. पहाटे हेच ती ओढून घेतात आणि कबूल करत नाहीत.

माझ्या हिवतापाचं विचारलंत. औषध न चुकता घेते, जेवणही जातं. मला पुण्याला न्यायला येता म्हणालात, पण एवढी तसदी कशाला?

आमच्या औषधाच्या दुकानाची मात्र तारांबळ आहे. लढाईमुळे विलायतेहून हिवतापावरचं कोयनेल येत नाही, टपाल कचेरीत विकतात त्या त्याच्या पुड्याही संपल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोयनेल असतं आणि हे काडेचिराइताचा काढा देतात, तोही "बदली औषध आहे" असं तोंडावर सांगून. असा तुमचा जावई! गिऱ्हाईक घालवायला याला दुसरं कुणी लागत नाही.

दसऱ्याच्या सुमारास तळेघरच्या कोंडाबाई आल्या. मुलगा हौशीराम तापानं फणफणलेला, डोलीतून आणलेला. काढा बदली आहे हे ऐकल्यावर बाई उसळल्या, "भाऊ, आमी डोंगरातली म्हून कायबी देता व्हय? तुमच्या घरात बी ताप हाय म्हनं. बायकुला बी ह्योच देता का?"

यांनी दुकानामागच्या पडद्याकडे पाहिलं. अब्बा, यांना अजून खोटं बोलायला जमत नाही. तुमची कोयनेलची पुडी नुकतीच आली होती. पडद्यामागं, माझ्या उशाशी.

आता लपवून काय करू? ती मी बाहेर दिली. सगळी. हौशीराम बरा होऊन भातकापणीला लागला, कोंडाबाई नवे तांदूळ ठेवून गेल्या. हे आधी माझ्यावर खूप रागावले, मग स्वतःच काढा उकळून घेऊन आले. मी तोच पिते. काडेचिराईत कोयनेलच्या पासंगालाही पुरत नाही, हे कंपाउंडरच्या मुलीला का ठाऊक नाही? पण मागच्या खेपेला ताप हलका आला, हेही खरं. हल्ली कुणी कोंडाबाईंसारखं विचारलं, की मीच आतून ओरडते, "हो, मीही हाच पिते!" लोक हसतात आणि औषध घेऊन जातात. खरं सांगू? लग्न होऊन आल्यापासून मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

हवं तर रागवा. ती पुडी तुम्ही कुणाकुणाच्या विनवण्या करून मिळवली असेल, ते मला कळतं, आणि त्याचं फार वाईट वाटतं. पण हौशीरामकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती. माझ्याकडे फक्त तुमची माया होती.

जरूर या. न्यायला नको, भेटायला या. कोयनेल मिळालंच, तर दुकानाच्या नावानं आणा. त्यातलं मलाही मिळेल, इतरांच्या बरोबरीनं.

तुमची लेक, आता जुन्नरची,
इशरत