साडूसाठी मागची खोली

१२ ऑक्टोबर
ठरलं. साडूला समुद्र दिसू द्यायचा नाही.
कारण लिहून ठेवतो, ऐनवेळी दया नको यायला. साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. गेल्या महिन्यात त्याने माझी दाढ काढली आणि सासरी भर जेवणात जाहीर केलं, साडूभाऊ खुर्चीत ढसाढसा रडले. साफ खोटं! डोळ्यांतून पाणी आलं होतं. रडणं वेगळं. तेव्हापासून सासरेबुवा मला दिसताक्षणी रुमाल पुढे करतात.
दोन्ही घरांची सहल आहे आणि हॉटेलचं बुकिंग माझ्या हातात. आम्हाला वरची सी-फेसिंग रूम, भिंतभर काच. त्यांना तळमजल्यावर मागची, किचनला चिकटून. खिडकीसमोर भिंत, शेजारी जनरेटर. आता रड लेका.

१५ ऑक्टोबर, सकाळ
पोचलो. साडू म्हणे बातम्यांत चक्रीवादळ सांगतायत. घाबरट! म्हटलं, मला हवेचा वास कळतो, वादळ वळणार. त्याने रूमबद्दलही विचारलं. हॉटेल फुल्ल आहे, म्हणून मोकळा झालो.

संध्याकाळ
समोर अख्खा समुद्र. बायको म्हणाली, तोंड समुद्राकडे आणि लक्ष सगळं तळमजल्यावर. दुर्लक्ष केलं. खाली जाऊन मुद्दाम विचारून आलो, जनरेटरचा त्रास नाही ना? म्हणे, दुपारी छान झोप लागली. नाटकी मेला.

१६ ऑक्टोबर, सकाळ
जरा वारा आहे. मॅनेजर म्हणतो समुद्राकडच्या रूम्स रिकाम्या करा. ठणकावून नाही म्हटलं. इथून हललो तर सूड काय राहिला?

दुपार
काच फुटली. गाद्या, बॅगा, सगळं चिंब. लेक किंचाळली. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लेकीचा हात धरून सरळ तळमजला गाठला. मीही गेलो, एका पायात चप्पल. घाबरलो होतो. थोडासा.

संध्याकाळ
शत्रूच्या गोटात आहे. अख्ख्या हॉटेलात दिवा फक्त या बाजूला, जनरेटरमुळे. भिंतीमुळे वारा नाही. किचनमधून गरम सूप येतंय. साडूने स्वतःचा पायजमा दिला. आखूड आहे. मुद्दाम दिला असणार.
उद्या सगळ्यांदेखत सांगूनच टाकतो, ही खोली तुला खुन्नस म्हणून दिली होती. मग बघू कसा हसतो.

१७ ऑक्टोबर
वादळ ओसरलं. फोन सुरू झाले.
घसा खाकरला, तोच साडूने मिठी मारली. म्हणे, साडूभाऊ, तुम्हाला आधीच कळलं होतं! बायकामुलं घाबरू नयेत म्हणून वादळ वळेल म्हणालात, धोक्याची खोली स्वतः घेतलीत आणि आम्हाला सुरक्षित ठेवलंत. मेहुणीचे डोळे भरून आले. बायकोला सगळं ठाऊक. ती शांतपणे सूप पीत राहिली.
छे छे, तसं नाही, म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात संतापाने डोळ्यांतून पाणी आलं. रडणं वेगळं.
साडूने तिथल्या तिथे सासरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. म्हणे, बघा, साडूभाऊ पुन्हा रडले!
पलीकडून सासरेबुवांनी रुमाल दाखवला.

पुढच्या वर्षी सगळ्यांनी एकाच मोठ्या खोलीत राहायचं ठरलं आहे. बुकिंग साडू करणार. मी हो म्हटलं. अंगात अजून त्याचाच पायजमा होता.