काटा साठवर ठेव

इबा, ३ मार्च १९९६
ती. बाबांस लिगायाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. इंजिन बंद पडल्यावर विमान कसं उतरवायचं, त्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. कॅप्टन मंगुबात इंजिन मंद करतात, समोर नारळाची झाडं दिसतात आणि माझा हात आपोआप सुकाणूची काठी मागे ओढतो, नाक वर जातं. धोक्याचा भोंगा किंचाळतो, विमान थरथरतं, मग तेच सांभाळून घेतात. म्हणाले, केळीच्या बागांवर फवारणी करणाऱ्याची पोर ना तू, बापाची खोड लागलीय! पंधरा तारखेला, शुक्रवारी शेवटची संधी. चुकले तर गाशा गुंडाळून घरी. पुस्तकातला कोन तोंडपाठ आहे हो, पण हाताला कोण शिकवणार?

रागावलात तरी माया कमी करू नका.
लिगाया

पानाबो, ६ मार्च
चि. लिगायाला अनेक आशीर्वाद.

कॅप्टन खरं बोलला. बागेच्या टोकाला मी काठी ओढायचो, कारण इंजिन जोरात असायचं. इंजिन गेलं की उंची हेच आपलं पेट्रोल. नाक उचललंस की पंख वाऱ्याला जास्त आडवा येतो, आणि एका मर्यादेपुढे वारा त्याला सोडून देतो. मग विमानाचा धोंडा होतो. तेव्हा नाक खाली, वेगाचा काटा साठवर. पन्नासवर धावपट्टीच्या अलीकडे पडशील, ऐंशीवरही अलीकडेच. झाडं पार होणार नसतील तर त्यांच्या अलीकडचं शेत धर.

आता कुणालाच न सांगितलेलं सांगतो. माझा पाय मोडला तेव्हा इंजिन बंद पडलं होतं हे खरं, पण खाली मोकळं भातशेत होतं. धावपट्टी गाठायच्या हट्टापायी मी काठी ओढली. इंजिनाची देखभाल तुझ्या नार्डोमामाकडे, म्हणून गावाने त्याला बोल लावला, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसलो. बारा वर्षं त्याने आपल्या घरी पाऊल टाकलेलं नाही. बापाचं ऐक, बापासारखं करू नकोस.

तुझा, काळजीत
बाबा

इबा, १९ मार्च
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: मी धडधाकट आहे. शुक्रवारी पास झाले. आणि काल एकटी उडत असताना इंजिन खरोखरच बंद पडलं! काय ती शांतता, बाई गं! हात मागे जायला लागला होता. मी मोठ्याने ओरडले, नाक खाली! काटा साठवर आणला. धावपट्टी दिसत होती, पण तिथवर पोचणार नव्हते, म्हणून अलीकडच्या कलिंगडाच्या शेतात उतरले. शेतकरी आधी विमानाभोवती फिरला, मग फुटलेली कलिंगडं मोजून माझ्यावर डाफरला, आणि शेवटी त्याने त्यातलंच एक मला खायला दिलं. मी खात खात ढसाढसा रडले.

आईला आता सगळं सांगा. सगळं म्हणजे सगळं.
लिगाया

पानाबो, २३ मार्च
चि. लिगायाला उदंड आशीर्वाद.

पोरी, जिंकलंस! तुझं पत्र घेऊन तडक नार्डोकडे गेलो. त्याच्या गॅरेजात चार माणसांसमोर सांगितलं, की चूक माझी होती, याची नव्हे. वाटलं, पाना फेकून मारतो. त्याने आधी विचारलं, पोरीला लागलं नाही ना? नाही म्हटल्यावर म्हणाला, मग रडतोस काय म्हाताऱ्या, बस.

उद्या रविवारी तो आपल्याकडे जेवायला येतोय. भावासाठी आई सकाळपासून मसाला वाटतेय आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. तिचं बरोबरच आहे. बोलेल तेव्हा ऐकून घेईन, पण बारा वर्षांत पहिल्यांदा मला काल गाढ झोप लागली.

तुझ्या मामाचाही आशीर्वाद यापुढे आमच्याच पाकिटातून येईल.
बाबा