ग्रेस मावशीबरोबर गोझोला

१८ मे १९९७, नेपरव्हिल
शेजारच्या ग्रेस मावशीनं आज झाडांना पाणी घालता घालता विचारलं, "नलिनी, माझ्याबरोबर गोझोला येशील?" मी म्हटलं, गोझो म्हणजे कुठलं सबर्ब? इतकी हसली की पाइपचं पाणी तिच्याच चपलांवर.
माल्टाची बेटं. भूमध्य समुद्रात. माल्टा मोठं, गोझो धाकटं, मधे कोमिनो, तिथं माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मावशी गोझोची. वय अठ्ठ्याहत्तर. एकेचाळीस वर्षांत एकदाही परत गेलेली नाही. एकटीला प्रवास झेपणार नाही, आणि मुलाला, जोला, सुट्टी नाही. तो ओहायोत, डब्लिनला.
नवऱ्याला विचारलं. प्रभाकर म्हणाला, "जा की. नाहीतरी तुला अ‍ॅटलास वाचायची हौस." लेक मीतू कॉलेजातून फोनवर: "मॉम, बट यू डोन्ट ईव्हन स्पीक इटालियन." तिथं इटालियन बोलतात का? बघायला हवं.

२४ मे
लायब्ररीतून पुस्तक आणलं. इटालियन नाही, माल्टी! अरबीची लेक, सासर सिसिलीत. पुस्तकाला क्तिएब (आपलं किताब), जगाला दिन्या, साबणाला सापुन. वेळेला वक्त. नागपूरला आमची आजी 'वखत' म्हणायची. लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या हलवताना डोक्यात हेच. एकच शब्द कुठून कुठं चालत जातो.
संध्याकाळी जोचा फोन. "नलिनी, प्रॉमिस मी, तू तिला दोन आठवड्यांनी परत आणशील." म्हटलं, प्रॉमिस. त्यात काय.

१४ जून, माल्टा
पोचलो. मावशीचे पाय सुजलेत, पण पडून राहायला तयार नाही.
राजधानीत, व्हॅलेटात, रस्ते म्हणजे जिनेच. वर लाकडी बंद सज्जे, हिरवे, लाल, निळे. आतून बायका खाली बघतात. पिवळ्या बसेस, प्रत्येक ड्रायव्हरनं आपली नवरीसारखी सजवलेली. पास्तित्सी खाल्ली, चीज भरलेली, करंजीची चुलतबहीण, पण मीठ-मिरीची. तीन खाल्ल्या. चार.
एका चर्चवर दोन घड्याळं. एक बरोबर, एक मुद्दाम चुकीचं. का? तर सैतानाचा गोंधळ व्हावा म्हणून. प्रभाकर असता तर विचारलं असतं, चुकीच्याला चावी कोण देतं.
मावशीनं एकही खाल्ली नाही.

१५ जून, गोझो
फेरीबोटीतून आलो. मच्छीमारांच्या होड्यांना पुढच्या टोकाला डोळे रंगवलेले, भुवयांसकट. बंदरात शिरताना सगळ्या आपल्याकडेच बघतात असं वाटतं.
बोटीवर एका म्हाताऱ्यानं मावशीला काहीतरी विचारलं. तिनं एकच शब्द सांगितला आणि त्याचा चेहरा उजळला. इथं प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतं, आडनावापेक्षा तेच चालतं. "तुम्ही कुणापैकी?" हा पहिला प्रश्न. मग तो माझ्याकडे वळून इंग्रजीत, "आणि तुम्ही कुणापैकी?"
हा प्रश्न मी ओळखते. घर भाड्यानं बघताना, डबा उघडताना, कॉलेजच्या पहिल्या दिवशी. "कुणापैकी." इथं मात्र त्याला फक्त गोष्ट हवी होती. म्हटलं, नागपूरच्या शिंप्याची मुलगी. तो खूश. "म्हणजे 'सुई'वाले!" आता मी गोझोत सुईवाली आहे. बाबांना सांगायला हवं होतं. बाबा नाहीत.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मावशीनं आज टॅक्सीत सांगितलं की बहिणीशी तिचं अठ्ठावीस वर्षं बोलणं नाही. वितोर्या, पाच वर्षांनी धाकटी. आई अकरा वर्षं अंथरुणावर होती. वितोर्यानं केलं सगळं, लग्न केलं नाही. मावशीनं पत्रं पाठवली, पार्सलं पाठवली, स्वतः आली नाही. आई गेली तेव्हाही नाही. त्यानंतर एकाही पत्राला उत्तर नाही.
"आपण येतोय हे तिला माहितीय?"
"नाही."
गावाचं नाव लिहिताना पुढे एक घ, पण म्हणतात आर्ब. पिवळ्या दगडाची घरं. दाराला बाहेरून किल्ली लावलेली, तशीच. प्रत्येक घराला! इथं किल्ली कुणी काढत नाही, यायचं तर फिरवायची आणि आत जायचं. मावशी दारासमोर उभी राहिली. किल्लीकडे बघत राहिली. मग ठोठावलं.
आतून आवाज. मावशीनं नंतर सांगितला अर्थ: "दार ठोठावतंय कोण? पोलीस की परका?"

१६ जून
वितोर्या मावशींनी खाऊ घातलं, अंथरूण दिलं, बहिणीशी शब्द नाही. माझ्याशी मोडक्या इंग्रजीत भरपूर.
"तू कॅथलिक?"
"बुद्धिस्ट."
"तुमच्या बुद्धाची मिरवणूक निघते?"
"निघते. वैशाखात."
"बँड असतो?"
"असतो."
"मग झालं."
त्या लेस विणतात. उभ्या लोडासारख्या उशीवर, टाचण्या आणि लाकडी काड्या, डझनांनी. काड्यांचा आवाज टिकटिक टिकटिक, दारात बसून. हात बघत तासभर बसले. कळलं काहीच नाही. इतकंच, की त्या काड्या मोजत नाहीत.

१८ जून
जगन्तिया. दगडी देवळं, पिरॅमिडपेक्षा जुनी म्हणतात. बांधली कुणी? गाइड म्हणाला, एका राक्षसिणीनं. वाल खाऊन राहायची, एका खांद्यावर तान्हं मूल, डोक्यावर हे धोंडे. आतल्या दगडाला हात लावला, गार. देव कोण, कुणालाच माहीत नाही. देव विसरला गेला, बाई लक्षात राहिली. हे आवडलं.
मावशी आली नाही. घरी बसून बहिणीच्या पाठीकडे बघत होती.

१९ जून
फुटलं! टोमॅटोवरून. मावशी पावाला टोमॅटो चोळत होती, वितोर्या मावशींनी पाव हातातून ओढला, असा चोळतात का? आणि मग एक तास. माल्टीत. शेजारणी दारात येऊन उभ्या. कळलेला एकच शब्द, 'ओम्म', आई. तो पुन्हा पुन्हा. मी मधे पडू का म्हणून उठले, तर शेजारणीनं दंड धरून खाली बसवलं.
नंतर मावशी डोळे पुसत, पण चेहरा वेगळाच. "अठ्ठावीस वर्षांचं जपून ठेवलं होतं तिनं. एकही विसरली नाही." जणू पार्सल मिळालंय.
रात्रीचं जेवण तिघींनी एकत्र. पाव वितोर्या मावशींनी चोळला.

२२ जून
टॅक्सीनं द्वेराला गेलो. समुद्रात दगडाची प्रचंड कमान, खिडकीसारखी, खालचं पाणी शाईचं. मावशी कठड्यावर बसली आणि म्हणाली, "मी परत येणार नाही, नलिनी."
मग कळलं. जो ऑगस्टमध्ये तिचं इथलं, आमच्या शेजारचं घर विकणार. तिच्यासाठी डब्लिनमध्ये, त्याच्या घराजवळ, वृद्धांची जागा बघून ठेवलीय. चांगली आहे म्हणे. बिंगो आहे.
"हे तू निघतानाच ठरवलं होतंस?"
"नाही. टोमॅटोनंतर."
मी रागावले. मोठ्यानं बोलले. मी शब्द दिलाय, जोला काय सांगू, तुझ्या गोळ्या, तुझा डॉक्टर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिला आता बारीक टाके दिसत नाहीत. मला दिसतात. मला जिना चढवत नाही, तिला चढवतो. आम्ही दोघी मिळून एक बाई होतो."


२४ जून
गावच्या डॉक्टरला भेटले. मावशीचे रिपोर्ट दाखवले, लॅबवाली म्हणून सगळं नीट समजावलं. गोळ्या मिळतात इथं. महिन्याला तपासणी लिहून घेतली. हे करताना लक्षात आलं की मी आता कुणाच्या बाजूची आहे.
मग बूथवरून जोला फोन. "यू प्रॉमिस्ड मी." तीनदा. "तू तिची मुलगी नाहीस, नलिनी." खरं आहे. फोन मावशीला दिला. तिनं इंग्रजीत सुरुवात केली आणि मधेच माल्टीत गेली. त्याला माल्टी येत नाही. तरी ती थांबेना, आणि त्यानं फोन ठेवला नाही.

२८ जून, नेपरव्हिल
एकटी परत. बंदरावर दोघी बहिणी हात हलवत नव्हत्या, भांडत होत्या, छत्री कुणी आणायची होती यावरून.
प्रभाकर स्टेशनवरून थेट घरी, ऑफिसची बॅग खांद्यावरच. सगळं ऐकून म्हणाला, "तू बरोबर केलंस की नाही, मला नाही सांगता येत." मलाही.

६ जुलै
जो आला. सहा तास ड्राइव्ह करून. मला वाटलं भांडायला. किचनमध्ये बसला, चहा घेतला, शेजारच्या बंद घराकडे खिडकीतून बघत बसला. मग म्हणाला, "तिथं नेमकं काय आहे?" एकोणचाळीस वर्षांचा माणूस. आईचं गाव कधी पाहिलं नाही. त्याला वाटायचं नुसते खडक.
सांगायला बसले. मिठागरं सांगितली, खडकात खोदलेले चौकोन, त्यात समुद्र वाळत पडलेला. दोन घड्याळं, डोळेवाल्या होड्या, राक्षसीण. तो प्रश्न विचारत गेला. मावशी कुठं झोपते? बहीण कशी दिसते? "तुझ्यासारखी," म्हटलं, "रागावल्यावर." पहिल्यांदा हसला.
घर विकायचं का, मी विचारलं. त्यानं खांदे उडवले.

१३ जुलै
जोचा फोन. ऑगस्टमध्ये गोझोला जातोय, सुट्टी घेतली. मी म्हटलं, "आणायला की बघायला?"
"आय डोन्ट नो, नलिनी. रिअली."
मग त्यानं माल्टीत 'आई' कसं म्हणायचं ते विचारलं. सांगितलं. दोन-तीनदा म्हणून बघितलं त्यानं, शेवटचा म नीट जमेना.
फोन ठेवल्यावर आठवलं, परतीची सीट एकच काढलीय की दोन, ते विचारायचं राहिलं.