कृष्णाबाईची सही

कऱ्हाड,
ता. १५ ऑक्टोबर १९४६

तीर्थरूप दादास गंगाधरचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. अण्णांचा खोकला आहे तसाच. करंज्यांना वहिनींच्या हातची सर नाही असे मी म्हटल्यापासून पद्मा माझ्याशी बोलत नाही.

कामाचे लिहितो. या महिन्यापासून दुकानाला विक्रीकराचा नंबर लागतो. तो नसेल तर पुण्याचा घाऊक व्यापारी भांडी सोडत नाही. दिवाळी झाली की लग्नसराई, आणि फळ्या रिकाम्या. काल उंब्रजच्या धोंडुबाई लेकीसाठी हंडा बघायला आल्या नि म्हणाल्या, "आवं, भांडी न्हाईत तर दार कशाला उघडं ठेवलंय?" दिवसभर मी नुसता आत-बाहेर करतो आहे.

तर अण्णांचे म्हणणे असे, की 'दुकानावर माझा हक्क नाही' एवढे लिहून तू उलट टपाली पाठव. म्हणजे नंबर सुटेल.

नंबर अडला कशाने ते ऐक. अण्णांना घेऊन साताऱ्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने मालकाचे नाव विचारले. अण्णा म्हणाले, कृष्णाबाई. आजोबांनी दुकान नदीला वाहिले, आम्ही सगळे तिचे गडी, 'माझे दुकान' असे आमच्यात कोणी म्हणत नाही, हे त्यांनी त्याला शांतपणे समजावले. कारकून म्हणाला, मग बाईंना सहीला घेऊन या. सगळी कचेरी हसली. मलाही हसू आले, आणि मग अण्णांकडे बघवेना.

पाटीवर आपले नाव असावे, एवढेच तू मागितले होतेस. तेवढ्यावरून अण्णांशी भांडून तू सांगलीला गेलास. आता तेच सरकार मागते आहे.

इथवर लिहून परसात गेलो. दोरीवर तुझा पूजेचा रेशमी कद वाळत होता. अण्णांनी पेटीतून काढून स्वतः धुतला होता, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून काठी घेऊन खाली बसले होते. पुढल्या आठवड्यात लक्ष्मीपूजन. मालकाने कद नेसून बसायचे. तुला बोलावणे मात्र ते धाडणार नाहीत, तू त्यांना ओळखतोसच.

दादा, वर लिहिले ते खोटे आहे. हक्क सोडल्याचे पत्र मला हवे होते, माझे नाव घालायला; अण्णांना नाही. कचेरीच्या पायरीवर बसून ते म्हणाले, "चिंतामणचं नाव घाल. थोरला तो आहे." तू गेल्यापासून दुकान मी झाडले, मी सांभाळले, आणि नाव तुझे. इतका राग आला की येताना मोटारीत मी त्यांच्या शेजारी बसलो नाही.

तू ये. सही करायला ये, नाहीतर नको म्हणायला ये. पण ते त्यांच्यासमोर येऊन म्हण, टपालाने नको. पूजेला तू बस. उदबत्ती मी लावीन. राग अजून गेलेला नाही, तरी ये.

तुझ्या दुकानातला गडी,
गंगाधर