तुमचं पिनबॉल मागच्या खोलीत नेलं

अहो,

जिथं असाल तिथं जरा टेकून बसा, कारण बातमी तुम्हाला उभ्यानं झेपणारी नाही. तुमचं पिनबॉल मी समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवलं. तुम्हाला न विचारता! आधीच सांगते, काच शाबूत आहे, पायही चारही सरळ आहेत, फरशीला मात्र एक लांब चरा पडलाय. ओरडायचं तर त्या चऱ्यासाठी ओरडा. बाकीचं नीट ऐकून घ्या.

हलवावं लागलं ते तुमच्या आईसाठी. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, हिला उंबरा ओलांडायला लागू नये, अशा जागी खाट टाका. अशी आपल्या घरात एकच जागा, समोरची खोली. आणि तिथं ठाण मांडून कोण बसलेलं? तुमचं लाडकं!

आठवतं, ते घरी आलं तो दिवस? आपल्या मावला गावातले बाकीचे नवरे टीव्ही आणत होते. माझा नवरा दिवसभर गावाचे रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्यानं बेल्लमपल्लीच्या एका बंद पडलेल्या खेळांच्या दुकानातून हे उचलून आणलं. पलंगाएवढी पेटी, तिच्यावर काच, काचेखाली उड्या मारणारी लोखंडी गोळी, ती आपटली की वाजणारी घंटी, आणि उशाशी आकड्यांचं भलंमोठं डोकं. उतरवायला चार गडी लागले. चहा पिताना चौघंही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते. मी तुम्हाला विचारलं, "याच्यावर मी कपडे वाळवू का पापड?" तुम्ही हसलात नुसते. अवघड प्रश्नाला हसून मोकळं व्हायची तुमची खोड काही गेली नाही शेवटपर्यंत.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही. कुणालाच नाही.

या मशीनचे आकडे चाकांवरचे. बटण बंद केलं, वीज गेली, तरी शेवटच्या डावाचे आकडे तसेच थांबून राहतात. नवा डाव लावला की मगच शून्य होतात. हे तुम्हीच मला समजावलं होतं, मी ऐकत नव्हते असं वाटत असेल तरी. त्या संध्याकाळी तुम्ही खेळलात, जेवलात, झोपलात, आणि सकाळी उठला नाहीत. तेव्हापासून तिथं चार हजार एकशे दहा उभे आहेत. मी ते कुणाला पुसू दिले नाहीत. मशीनची विजेची पिनच काढून ठेवली. धूळ पुसताना आकड्यांच्या काचेवरून हात फिरवायचा आणि पुढं जायचं. फोटोतले तुम्ही स्टुडिओत नेऊन बसवल्यासारखे आहात. हे चार आकडे तुमच्या हातचे होते. आणि आता हलवताना तेच गेले तर?

मदतीला कोण होतं म्हणता? कुणी नाही! कापसाचे दिवस. आळीतले झाडून सगळे पुरुष गाड्या घेऊन मार्केटच्या रांगेत, कधी परततील त्यांचं त्यांना माहीत नाही. आई दुसऱ्या दिवशी घरी येणार. राहिलो कोण, मी आणि शेजारची राजव्वा. तिनं पदर खोचला, पेटीला एक धक्का देऊन पाहिला आणि म्हणाली, "अय्यो अक्का, हे तर रेडा हाय! बसला तं उठत नाय!"

मी तुमचा पाना घेतला. आधी गोळी काढून ठेवली. मग डोकं. त्याच्या मागच्या वायरींचे खटके एकेक करून सोडवले. कुठला खटका कुठं बसतो हे विसरू नये म्हणून जोडीजोडीला शिवणाच्या डब्यातला एकेका रंगाचा दोरा बांधला. लाल दोरा लालला, हिरवा हिरव्याला. डोकं गोधडीत गुंडाळून मी एकटीनं उचललं. राजव्वाला हात लावू दिला नाही. ती रुसली. रुसू दे, म्हटलं.

पण धडाचं काय? पाय काढून ते फळीवर घेतलं, तरी तसूभर सरकेना. तेव्हा मला सुचलं, फळीखाली ज्वारी पसरावी. शहाबादी फरशीवर दाणे घरंगळतील आणि त्यांच्याबरोबर फळीही. राजव्वानं कानाला हात लावले. "अन्न हाय अक्का! त्याच्यावर पाय ठेवाचा?" मलाही ते पटत नव्हतंच. मग दोघींनी ज्वारीचं सूप मधे ठेवलं, हात जोडले, कपाळ टेकवलं आणि माफी मागितली. मोठ्यानं. तुम्ही असता तर हसून लोळला असता.

आणि सरकलं की हो! एका बोटानं ढकलावं तसं. इतकं सरकलं की आमच्या हाताबाहेर गेलं आणि मधल्या उंबऱ्यावर जाऊन धाडकन आदळलं. चरा तिथलाच. पुढं हलेना, मागं येईना. बाहेर दिवेलागण होत आलेली. राजव्वा घाबरली. "लक्ष्मी यायच्या वख्ताले उंबरा अडवून ठेवला आपण! अडलेल्या घरात कशी येईन थे?" मी एरवी असलं फारसं मनावर घेत नाही. पण या घरात पुन्हा काही अडू नये, असं मला त्या क्षणी फार वाटलं. दोघींनी दातओठ खाऊन पुढचं टोक उचललं, उंबऱ्यावर टेकवलं, मागून खांदे लावले. गेलं एकदाचं पलीकडे! आम्ही दोघी तिथंच ज्वारीत फतकल मारून बसलो, आणि मग तिनं दिवा लावला, कारण माझ्यानं उठवत नव्हतं. ती ज्वारी धुऊन, वाळवून पाखरांना घातली.

पाय बसवले, गोळी परत टाकली, डोकं चढवलं, दोऱ्याला दोरा जुळवला. आकड्यांकडे बघायचा धीर होत नव्हता. बघितलं. चार हजार एकशे दहा. जागचे हलले नव्हते. मी त्या काचेला कपाळ लावून रडले हो.

दुसऱ्या दिवशी आई जीपमधून आली. खाटेवर टेकवल्या टेकवल्या तिनं रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"सुमन, मशीन कुटी नेलं वं?"

"मागच्या खोलीत आहे आई. तुमची खाट बसावी म्हणून."

"मंग वाजून काऊन नाही राह्यलं?"

मी म्हटलं, "वाजवणारा कुठं आहे आता?" जरा तोडूनच बोलले. तिनं अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "मले ठाऊक हाय वं बाई, तो नाही. पण घंटीच आयकू येत नाही, तं घर मुकं झाल्यावानी वाट्टे. तू वाजव नं."

आता सांगा, काय करायला हवं होतं मी? नवा डाव लावला की तुमचे आकडे जाणार. न लावावं, तर खाटेवर तुमची आई कान देऊन पडलेली. रागही आला तिचा. वाटलं, माझ्याजवळ उरलं काय आहे, तेही मागते! आणि मग वाटलं, तिच्याजवळ तरी काय उरलंय?

पिन लावली. बटण दाबलं. चाकं खटखट फिरली आणि चारही शून्यं झाली. एवढंसं काम, पण मला किती लांबल्यासारखं वाटलं ते!

मी खेळले. वाईट खेळले. गोळी तिसऱ्या फटक्यालाच खाली गेली. पण मधे घंटी वाजली, चांगली खणखणीत, दोनदा. तेवढ्यात समोरच्या खोलीतून आईची हाक आली. दर संध्याकाळी घंटी ऐकली की तुम्हाला मारायची तीच, त्याच सुरात.

"पुरे झालं आता. हात-पाय धू अन् जेवाले ये."

मी ओ दिली. हात-पाय धुतले आणि तिच्या खाटेपाशी ताट घेऊन बसले.

तुमचे आकडे मी राखू शकले नाही. पण घंटीचं वचन देते. आई आहे तोवर रोज संध्याकाळी ती वाजेल, आणि तिची हाक आली की मी उठून जाईन. हात दुखला तरी, खेळ जमला नाही तरी.

तुमची,
सुमन