पाणी कोण घालणार?

९ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला, खोलीची खिडकी आता नीट लागते, जेवणही वेळेवर होतं. आई हे सगळं तुम्हाला सांगतेच. तरी लिहिते, कारण पत्र एकदम झाडापासून सुरू करणं बरं दिसत नाही.

आईने फोटो पाठवला आणि खाली तुमचं वाक्य: "तिला विचार, मुळं काळी का पडली."

बाबा, मी निघताना ठेवून आलेल्या ऑर्किडच्या कुंडीतले झाडाच्या सालीचे तुकडे तुम्ही कचरा समजून उपसलेत आणि चांगली माती भरलीत. वर सकाळ-संध्याकाळ पाणी, नव्या गिलाव्याला मारावं तसं! गवंड्याच्या हातून दुसरं काय होणार? गिलावा त्याने पक्का होतो, पण ही मुळं गुदमरतात. रानात हे झाड दुसऱ्या झाडाच्या फांदीवर वाढतं. त्याला पाण्याइतकीच हवा लागते.

घाबरू नका. दोन मुळं अजून हिरवट आहेत. तेवढी पुरेत.

कुंडीत काय भरायचं, हे नुसतं झाड बघून ठरत नाही. आमच्या नर्सरीच्या मालकीणबाई गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "पाणी कोण घालणार?" विसरभोळ्यांना त्या ओल धरणारं शेवाळ देतात. तुमचं ऐकून म्हणाल्या, "अगं, यांना शेवाळ दिलंस तर झाड पोहायला शिकेल!" तेव्हा तुम्हाला सालीचे जाड तुकडे आणि थोडा कोळसा. तुकडे खडीएवढे, भुगा चाळून काढलेला. सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा. साल कोरडी लागली की मगच पाणी. मध्येच हात शिवशिवले तर पाणी भिंतीवर मारा.

खरं सांगू? आईचा निरोप वाचून मी पाण्याच्या पिंपामागे जाऊन रडले. मला वाटलं होतं, मी गेले त्याच दिवशी तुम्ही ती कुंडी फेकली असेल. "घरातली पहिली पदवी, आणि चालली कुंड्या भरायला! मी जन्मभर चिखलात हात घातले ते कशासाठी?" एवढं बोलून तुम्ही गप्प झालात, त्याला वर्ष झालं. फोनवर मागून तुमचं खाकरणं ऐकू यायचं, तेवढ्यावर मी समाधान मानायची. आणि इकडे तुम्ही रोज उठून त्या झाडाची काळजी वाहत होता!

हे काम मी सोडणार नाही. एखादं झाड जगवणं हेसुद्धा शिकल्यासवरल्या माणसाचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. रागवा हवं तर. पण मलाच बोला, आईला मध्ये घालू नका.

रविवारी साल आणि कोळसा घेऊन येते. आधी "येऊ का?" असं लिहिलं होतं, ते खोडलं. आपल्याच घरी यायला कुणी विचारतं का?

दार मात्र तुम्ही उघडा.

तुमचीच,
हट्टी लेक