आटलेल्या विहिरीचा ठिपका

८ एप्रिल
ह्यांची बातमी आली त्या सकाळी मी भाकरी थापून हंडे घासायला बसले होते, एवढंच नीट आठवतं. वाळूच्या वादळात हरवले, देह मिळाला नाही.
आज जतजवळच्या या वाडीत सुभेदार तात्याबांचं घर सांभाळायला आले. हवेशीर घर, दारात कडुनिंब. बरं वाटलं. तात्याबा ह्यांच्याच पलटणीतले. इलाजाला सांगलीला निघताना त्यांनी भिंतीवरचा कापडी नकाशा दाखवला. इंग्रजांच्या वेळचा, राजस्थानच्या वाळवंटाचा. टेकड्यांना तपकिरी रेघा, विहिरींना निळे ठिपके. एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, तुझा ज्ञानू इथं गेला. नकाशात विहीर होती, जागेवर कवाच आटलेली.

११ एप्रिल
ओल्या फडक्यानं नकाशा पुसला. तो ठिपका तेवढा गडद झाला. कान लावला, तर आत कुणी घटाघटा पाणी पीत होतं. दारी आलेल्याला आपण आधी पाणी देतो. मी ठिपक्यावर तांब्या ओतला. थेंबही खाली आला नाही.

१५ एप्रिल
माझं बॅरल संपलं. टँकर नाही. शेजारच्या शालननं कळशी दिली. तिची सून बाळंतीण, तरी दिली. वर हसली, "आवं आक्का, एकलीला एवढं पाणी? म्हस लपवलीया का काय?" मीही हसले. कळशी नकाशाला पाजली.

१७ एप्रिल
शालन मेंढरांमागं गेली तेव्हा तिचं बॅरल उपसलं. मी. दिवसाढवळ्या.

१८ एप्रिल
शालन चोराच्या नावानं बोटं मोडत होती. सुनेचं दूध आटलंय. बाळाचा रडून आवाज बसला. आज नकाशाला पाणी दिलं नाही, तर माझ्या ताटात वाळू, अंथरुणात वाळू —

१९ एप्रिल
शालननं शेवटची कळशी माझ्याकडं ठेवायला आणली. म्हणाली, तुमच्या दाराला कुलूप हाय, आन् माणूस इश्वासाचं. मला वर बघवेना.
संध्याकाळी नकाशातून हाक आली. रंगू, पाणी.
ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. कायम "अगं" म्हणायचे.
हे नव्हेत. कळतंय मला. पण असलेच तर —

२० एप्रिल
सकाळी उठले. चूल पेटवली नाही. पलीकडं बाळ रडत होतं. शालनची कळशी उचलली आणि नकाशावर ओतली, सगळी, आणि आतून हात आला, माझं मनगट धरलं, सोडत नाही —